देह, पाणी आणि परिसर : वाशिम जिल्ह्यातील तीन तळी व एक गाळणे

वाशिम जिल्हा हा पाण्याच्या माथ्यावर वसलेला जिल्हा आहे. येथे पडलेल्या पावसाचे काही पाणी काटेपूर्णेतून उत्तरेस जाऊन पूर्णा व तापीच्या मार्गाने अरबी समुद्रास मिळते, तर पैनगंगा, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी वर्धा व गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे वाहते. नद्या येथे उगम पावतात किंवा नुकत्याच बाळसे धरू लागतात. त्यामुळे बारमाही दुथडी वाहणारी मोठी नदी या भूमीच्या नशिबी नाही. जमिनीखाली काळा कातळ, वर काळी माती आणि चार महिन्यांचा पाऊस अशी येथील निसर्गाची मांडणी आहे. अशा प्रदेशात माणसाचे जीवन नदीकाठी न घडता आड, बावडी, बारव आणि तळे यांच्या काठी घडले. मनुष्याचा देह आणि त्याचा परिसर यांच्या नात्याचा इतिहास आपल्या जिल्ह्यापुरता लिहावयाचा झाल्यास तो पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

या जिल्ह्यातील तीन प्राचीन गावांच्या आख्यायिका एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या असता एक विलक्षण साम्य दिसून येते. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील पद्मतीर्थाविषयी अशी कथा सांगितली जाते की, वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग झाला होता. गावाबाहेरील एका डबक्यात स्नान केल्याने त्याचा देह शुद्ध झाला आणि त्याने त्या जागी मोठे तळे बांधविले. कारंजा नगरीची कथा करंज ऋषींची. त्यांनाही दुर्धर व्याधी जडली होती. त्यांनी अंबादेवीची आराधना केली, देवीने त्यांच्यासाठी तळे निर्माण केले आणि त्यात स्नान करून ऋषी व्याधिमुक्त झाले. या दोन्ही कथांची दखल इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही घेतली आहे. तिसरी कथा मालेगाव तालुक्यातील शिरपूरची, म्हणजेच श्रीपूरची. ती आपल्या समाजात लहानथोरांना ठाऊक आहे. एलिचपूरच्या ईल राजाला त्वचारोगाने ग्रासले होते. त्याने येथील जलाशयाचे पाणी अंगास लावले आणि तो बरा झाला; पुढे त्याच जलाशयातून अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती प्रकट झाली.

एक कथा राजाची व पद्मतीर्थाची, दुसरी ऋषीची व देवीची, तिसरी तीर्थंकरांची. धर्म वेगळे, काळ वेगळे, सांगणारे वेगळे. परंतु तिन्ही ठिकाणी रोगी देह आहे, तिन्ही ठिकाणी साठलेले पाणी आहे आणि रोग तिन्ही ठिकाणी त्वचेचाच किंवा कुष्ठासारखा आहे. हा योगायोग नसावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पोटाचा रोग झाकता येतो, ताप अंथरुणात काढता येतो. परंतु त्वचेचा रोग समाजाला दिसतो. कुष्ठी मनुष्य पंगतीतून उठविला जातो, पाणवठ्यावरून दूर केला जातो, पुढे गावातूनही दूर होतो. म्हणजे त्वचा ही देहाची सीमा आहे आणि समाजाने माणसाला जवळ करण्याची वा दूर लोटण्याची सीमाही तीच आहे. या तिन्ही कथांमध्ये पाणी राजाला किंवा ऋषीला केवळ निरोगी करीत नाही, तर त्याला पुन्हा माणसांत आणून बसविते.

शिरपूरच्या कथेत एक बारीक तपशील आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तीर्थांच्या परंपरा नोंदविणाऱ्या जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात आपल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात श्रीपूरच्या पार्श्वनाथांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पुढे ही कथा अनेक तोंडांतून फिरली व तिच्यात थोडेथोडे पाठभेद झाले. परंपरेने सांगितले जाते की, राजाने प्रथम केवळ हात, पाय व तोंड धुतले होते. तो घरी परतला तेव्हा राणीच्या लक्षात आले की, जेवढे अवयव धुतले गेले तेवढेच निरोगी झाले आहेत. तिने त्याला विचारले, जागेचा शोध लावविला आणि दुसऱ्यांदा सर्वांगाने स्नान करण्यास पाठविले. राजाच्या देहाकडे निरखून पाहणारी, कारण आणि परिणाम यांची सांगड घालणारी या कथेतील व्यक्ती ही राणी आहे. वैद्याला, मंत्र्याला व पुरोहिताला जे दिसले नाही ते तिला दिसले. तीर्थाच्या स्थापनेचे श्रेय राजाच्या नावावर जमा झाले. राणीच्या नावाविषयी मात्र कथा फारसा आग्रह धरीत नाही.

शिरपूरच्या मूर्तीचा देहही विचार करण्यासारखा आहे. परंपरेप्रमाणे ती पाषाणाची नाही. प्रवासात पूजेची मूर्ती बरोबर घेण्याचे विसरल्यामुळे वाळू व गोमय यांची मूर्ती घडविण्यात आली व पूजेनंतर ती जलाशयात विसर्जित करण्यात आली, असे सांगतात. म्हणजे ज्या पाण्याने राजाचा देह बरा केला त्या पाण्यात वाळू-शेणाचा हा देह दीर्घकाळ अभंग राहिला; आणि पाण्याबाहेर आल्यावर मात्र त्याला झीज होऊ नये म्हणून लेपाची गरज भासू लागली. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही व तिच्याखालून वस्त्र सरकविता येते, असे भाविक सांगतात.

याच लेपावरून पुढे जे घडले ते आपल्या समाजाच्या इतिहासातील दुःखद प्रकरण आहे. १९०५ मध्ये दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही आम्नायांच्या पूजेच्या वेळांचे पत्रक ठरले होते. त्यानंतर लेपामध्ये कटिसूत्र व कछोटा दाखविला जावा की नाही यावरून १९१० मध्ये दावा दाखल झाला आणि अकोल्याच्या न्यायालयातून निघालेले हे प्रकरण १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. तेवढ्यावरही वाद शमला नाही. १९८१ पासून दर्शनाचे दार बंद झाले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. कोणाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नव्हे. येथे एवढेच पाहावयाचे की, एका मूर्तीच्या कमरेवरील बोटभर जाडीच्या लेपाने दोन पिढ्यांची नव्हे, चार पिढ्यांची माणसे एकमेकांपासून दूर बसविली. दिगंबर परंपरेत निर्वस्त्र देह हा सर्व परिग्रह सुटल्याची खूण आहे. श्वेतांबर परंपरेत वस्त्र व अलंकार ही भक्ताच्या भावाची खूण आहे. देह तोच, अर्थ दोन. देहावर काय असावे आणि काय नसावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाइतका समाजशास्त्रीय प्रश्न दुसरा क्वचितच असेल.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ मध्ये पॅरिसमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात असे मांडले की, चालणे, पोहणे, बसणे, झोपणे, खाणे-पिणे या क्रिया आपण निसर्गतः करतो असे वाटत असले तरी त्या प्रत्येक समाज आपल्या माणसांना शिकवीत असतो. महायुद्धातील इंग्रज सैनिकांना फ्रेंच पद्धतीच्या फावड्यांनी खंदक खणता येत नसे, असे उदाहरण त्यांनी दिले होते. मॉस यांना शिरपूर-कारंजा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु जैन घरातील पाणी गाळण्याची क्रिया त्यांनी पाहिली असती, तर फावड्याचे उदाहरण त्यांना अपुरे वाटले असते असे म्हणण्यास हरकत नाही.

तेराव्या शतकात माळव्यात राहून लेखन करणाऱ्या पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त श्रावकाच्या अष्ट मूलगुणांची जी एक यादी दिली आहे, तीत मद्य-मांस-मधुत्याग, रात्रिभोजनत्याग, जीवदया यांच्या बरोबरीने जलगालन, म्हणजे पाणी गाळणे, हाही एक मूलगुण सांगितला आहे. ध्यान नाही, पांडित्य नाही, दानही नाही, पाणी गाळणे. ही क्रिया किती काटेकोर होती, हे आजच्या तरुण वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

गाळण्याचे वस्त्र, ज्याला पुष्कळ घरांत छन्ना म्हणत, ते छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद असावे, ते दुहेरी करावे, जाड असावे, उन्हाकडे धरले असता त्यातून सूर्यबिंब दिसू नये आणि ते अंगावर वापरलेले नसावे, असा दंडक होता. घागरीच्या तोंडापेक्षा ते मोठे असे, म्हणजे कडेने न गाळलेला थेंबही आत जात नसे. एकदा गाळलेले पाणी दोन घटकांपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंतच गाळलेले मानावयाचे. त्यानंतर पुन्हा गाळावयाचे. लवंगेसारखा पदार्थ घालून प्रासुक केलेले पाणी दोन प्रहर चाले व उकळलेले आठ प्रहर. घड्याळ घरोघरी येण्यापूर्वी स्वयंपाकघरातील स्त्रीच्या हातांना ही कालगणना ठाऊक होती.

परंतु या क्रियेचा खरा अर्ध पुढेच आहे. गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील, ते गाळणे उलटे करून गाळलेल्या पाण्यानेच हलकेच खाली उतरवावयाचे. त्या पाण्यास जिवाणी म्हणतात. ही जिवाणी मोरीत किंवा अंगणात टाकावयाची नाही. ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत ती परत सोडावयाची. आणि तीही वरून ओतावयाची नाही, कारण एवढ्या उंचीवरून पडून जीवांना इजा होईल. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली असे. ती दोराने पाण्याच्या पृष्ठापर्यंत नेऊन तेथे दोराला हलका झटका द्यावयाचा, म्हणजे बादली तेथल्या तेथे उलटी होऊन जिवाणी पाण्यात मिसळते. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत सोडणेही निषिद्ध मानले गेले. कारण प्रत्येक पाण्याचा गुण निराळा व एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही.

या शेवटच्या नियमापाशी थोडे थांबावे असे वाटते. प्रत्येक देहाला स्वतःचा असा परिसर असतो, तो परिसर सुटला की देह टिकत नाही, आणि म्हणून ज्याला आपण आपल्या गरजेसाठी त्याच्या परिसरातून उचलले त्याला तेथेच परत नेऊन सोडण्याची जबाबदारी उचलणाऱ्याची आहे, हा सबंध विचार एका दोरात आणि कडीच्या बादलीत बांधलेला होता. तो विचार कोणी दररोज बोलून दाखवीत नसे. तो हातांना येत होता.

आणि हे हात प्रायः स्त्रियांचेच होते. पाणी शेंदणे, गाळणे, जिवाणी परत करणे, दोन घटकांनी पुन्हा गाळणे, सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकणे हे सगळे गृहिणीच्या अंगावर पडे. मासिक पाळीच्या दिवसांत त्याच स्त्रीला पाण्याच्या भांड्यापासून दूर बसावे लागे, ही गोष्टही येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या हातांनी घरचे पाणी शुद्ध राखले, तेच हात महिन्यातून काही दिवस अशुद्ध ठरत. आपल्या स्मरणिकांतून मंदिरास शिखर कोणी दिले, धर्मशाळेची खोली कोणाच्या स्मरणार्थ बांधली, याची नोंद असते व ती असावीही. परंतु सबंध आयुष्य दररोज चार-सहा वेळा पाणी गाळणाऱ्या आज्या-पणज्यांच्या श्रमाची नोंद कोठेच नाही. त्यांचे धर्माचरण त्यांच्या मनगटांत होते आणि ते मनगटांबरोबरच गेले.

आता प्रश्न असा की, या गाळण्याचा त्या घरातील माणसांच्या देहांवर काय परिणाम झाला? याचे उत्तर शोधताना नारू या रोगाची आठवण करावी लागते. पन्नाशीच्या पुढील वाचकांपैकी काहींनी नारूचे रोगी डोळ्यांनी पाहिले असतील. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचा जीव असतो. त्याच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी न गाळता प्यायले की, सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीचा दोऱ्यासारखा किडा बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येऊ लागतो. दाह इतका होतो की रोगी पाय पाण्यात बुडवितो आणि तेवढ्यात किडा आपल्या हजारो अळ्या पाण्यात सोडतो. पायऱ्यांची बारव, जिच्यात उतरून पाण्यात पाय ठेवून घागर भरावी लागे, ही या रोगाची आवडती जागा होती. ऐन हंगामात शेतकरी महिना-महिना अंथरुणास खिळे आणि काडीवर किडा रोज थोडा थोडा गुंडाळीत बसे.

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि रोगग्रस्त राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. उपाय कोणते योजले? पायविहिरी बंद करून त्या शेंदण्याच्या विहिरी करणे, हातपंप बसविणे, पाण्यात औषध टाकणे आणि घरोघरी कापडी गाळण्या वाटून दुहेरी कापडातून पाणी गाळण्यास शिकविणे. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या रोगावर लस नव्हती व किडा मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. कापडाची घडी आणि पाणवठ्यावरील वागणूक यांच्या बळावरच हा रोग गेला.

पटकीची गोष्टही अशीच. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचे जंतू एका तळ्याच्या पाण्यात आढळले. हे जंतू इतके सूक्ष्म की साध्या कापडातून सहज पार होतील. पुढे असे दिसून आले की, ते पाण्यातील सायक्लॉप्ससारख्या जीवांच्या अंगाला चिकटून राहतात; म्हणजे जीव अडविला की जंतूही बऱ्याच अंशी अडतो. रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ खेड्यांत स्त्रियांना जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्यास शिकविले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथील पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. तेथे जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी अधिक उपयुक्त ठरली, कारण तिचे धागे फुगून छिद्रे बारीक होतात. आपल्याकडे न वापरलेल्या कोऱ्या वस्त्राचा आग्रह होता. शुचितेचा नियम आणि आरोग्याचा नियम दरवेळी एकच असतो असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

हे सर्व वाचून ‘आमच्या शास्त्रात हे आधीच सांगितले होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. व्यासपीठावरून असे पुष्कळदा बोललेही जाते. प्रस्तुत लेखकाला हे योग्य वाटत नाही. आशाधरांनी जलगालन सांगितले ते पिणाऱ्याला रोग होऊ नये म्हणून नव्हे, तर पाण्यातील जीवाला मरण येऊ नये म्हणून. पिणाऱ्याचा बचाव झाला हा आनुषंगिक लाभ होय. त्याला मुख्य हेतू करून सांगितल्याने विज्ञानाचा मान वाढत नाही आणि धर्माचा मात्र घटतो. शिवाय निव्वळ रोगशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास जिवाणी परत विहिरीत सोडण्याने सायक्लॉप्सही विहिरीतच परत जात होता. घर सुरक्षित झाले. विहीर होती तशीच राहिली. शेजारी जो न गाळता पाणी पीत होता त्याच्या वाट्याला ते पाणी तसेच आले.

येथून एका अवघड जागी यावे लागते. विहीर कोणाची होती? वऱ्हाडातील असंख्य गावांतील सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना दोर टाकण्याची मुभा नव्हती. कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहत त्यांना तिष्ठावे लागे, नाहीतर नाल्यातील झऱ्याचे पाणी न्यावे लागे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते तळे ‘बाटले’ म्हणून पंचगव्य ओतून शुद्ध करण्यात आले. गुरेढोरे पाणी पीत होती तेव्हा तळे बाटले नव्हते. आपल्या विभागात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या चळवळीत भाग घेतला आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. हे कार्य १९२७ ते १९३० या काळातील आहे.

एकेंद्रिय जलकायाची व त्यातील द्वींद्रिय जीवांची एवढी चिंता वाहणारा आपला समाज, ज्या पाणवठ्यावर पंचेंद्रिय मनुष्याला तिष्ठत ठेवले जात होते त्याच पाणवठ्यावर रोज उभा होता. जिवाणीला तिच्या पाण्यात परत जाण्याचा हक्क आहे असे मानणाऱ्यांना गावातील काही माणसांचा त्याच पाण्यावरील हक्क दिसला नाही. अपवाद असतील, ते असावेत अशी आशा आहे. परंतु रूढीचा मुख्य प्रवाह याहून वेगळा नव्हता. व्यापारी समाज म्हणून गावाच्या रूढीविरुद्ध जाणे कठीण होते, हे कारण खरे असेल. पण ते कारण आहे, समर्थन नव्हे.

याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज १९५६ पर्यंत हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. गावात शिरले की आधी रस्ता झाडावयाचा आणि मग कीर्तनास उभे राहावयाचे, ही त्यांची रीत. त्यांना अक्षरओळखही बेताचीच होती; परंतु देह आणि परिसर यांचे नाते त्यांनी जेवढे अचूक ओळखले तेवढे थोड्या विद्वानांनी ओळखले. आपली शुचिता घागरीच्या तोंडापाशी सुरू होऊन घराच्या उंबरठ्यापाशी संपत होती. महाराजांची शुचिता उंबरठ्याबाहेर सुरू होत असे.

देहाला परिसराशी जोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे भोजन. तिच्याविषयी थोडक्यातच लिहितो. तेलाच्या दिव्याभोवती पतंग जमत, अन्नात पडत. दिवेलागणीपूर्वी चूल विझविणे हा जीवदयेचा भाग होता. त्यामुळे जैन पेठेतील दुकानाची वेळ, मुलांच्या खेळाची वेळ, पाहुण्याने येण्याची वेळ ही सर्व सूर्यावर बांधलेली होती. वीज आली, दुकाने रात्री नऊ-दहापर्यंत उघडी राहू लागली, शिकवण्यांच्या वेळा संध्याकाळच्या झाल्या आणि नियम न मोडताच नियमाचा परिसर मोडला. आज हा नियम पाळणारे आहेत, पण त्यांना तो घड्याळाविरुद्ध जाऊन पाळावा लागतो. कारंज्यात १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजेच पुढे मुनी समंतभद्र म्हणून प्रसिद्ध झालेल्या महापुरुषांनी, महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली तेव्हा आधुनिक शिक्षण द्यावयाचे, परंतु मुलांचा दिनक्रम बाहेरच्या जगाच्या हाती सोडावयाचा नाही, हे गुरुकुलाचे सूत्र त्यामागे होते. संस्कार पुस्तकातून जेवढे होतात त्याहून अधिक उठण्या-बसण्याच्या वेळांतून होतात, हे मॉस यांच्या व्याख्यानापूर्वी सोळा वर्षे कारंज्यातील एका ब्रह्मचाऱ्याने ओळखले होते.

आणि मग येतो दिगंबर मुनींचा देह. वस्त्र नाही, घर नाही, स्नान नाही, वाहन नाही; दिवसातून एकदा उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार व पाणी. बसण्यापूर्वी मोरपिसांच्या पिच्छीने जागा हलकेच पुसावयाची, कारण त्या जागेवर आधी कोणाचा तरी देह असू शकतो. पावसाळ्यात जमिनीवर जीवांची उत्पत्ती होते म्हणून चार महिने विहार बंद. वरवर पाहता हा देह परिसरापासून पूर्ण मुक्त आहे असे वाटते. वास्तविक ज्याने स्वतःभोवती काहीच ठेवले नाही, त्याचा परिसर सबंध समाजाला व्हावे लागते. मुनींच्या आहारासाठी चौका लागतो; चौक्यासाठी शोधलेले धान्य, ताजे दळलेले पीठ आणि गाळून प्रासुक केलेले विहिरीचे पाणी लागते. नळाचे पाणी चालत नाही, कारण त्याची जिवाणी त्याच्या स्थानी पोहोचविता येत नाही. म्हणूनच एखाद्या गावी चातुर्मास ठरला की, पहिली धावपळ विहिरीची असते. वर्षानुवर्षे झाकून पडलेली विहीर उपसली जाते, गाळ काढला जातो, रहाट बसतो, दोर विकत आणला जातो. ज्यांनी आयुष्यात कधी पाणी शेंदले नाही अशा सुना-मुली व तरुण मुलगे चार महिन्यांत ते शिकतात. चातुर्मास संपतो, मुनींचा विहार होतो, आणि पुष्कळ ठिकाणी विहिरीवर पुन्हा फरशी बसते.

कारण विहिरीची रोजची गरज आता उरलेली नाही. वाशिम शहराला एकबुर्जी प्रकल्पाचे आणि कारंजा शहराला अडाण प्रकल्पाचे पाणी नळाने येते. नळाने स्त्रियांच्या खांद्यावरील केवढे ओझे उतरविले हे ज्यांनी उन्हाळ्यात कोसभरावरून पाणी आणले त्यांनाच विचारावे. नळाविरुद्ध तक्रार करण्याचा हा लेखाचा हेतू नाही. नळाने आणखी एक मोठे काम केले, ते म्हणजे पाण्याला जात विचारणे बंद केले, निदान तोटीपाशी तरी. परंतु नळाला मागे जाणारी वाट नाही. पाणी येते, परत काही जात नाही. नळाच्या तोटीला आजही कित्येक घरांत पांढऱ्या कापडाची पिशवी बांधलेली असते. गाळणे राहिले, जिवाणी गेली. क्रियेचा घेण्याचा भाग टिकला आणि परत देण्याचा भाग सुटला.

कूपनलिकेने आणखी निराळा प्रश्न उभा केला. विहिरीत वाकून पाहिले की पाणी कोठवर आहे हे दिसे. उन्हाळ्यात ते खाली गेले की दोर वाढवावा लागे, आणि दोर वाढला की घरातील सर्वांच्या अंघोळीचे पाणी आपोआप कमी होई. हातांना पाण्याची खोली ठाऊक होती. दोनशे-तीनशे फुटांवरून यंत्राने वर येणाऱ्या पाण्याची पातळी कोणालाच दिसत नाही. यंत्र कोरडे फिरू लागले म्हणजेच ती कळते. काही मंदिरांतून कूपनलिकेत बारीक नळी सोडून तिच्यावाटे जिवाणी खाली पोहोचविण्याची सोय करण्यात आली आहे. ती पाहून नव्या पिढीतील काहींना हसू येते. नळी कितपत खोल जाते आणि जीव तेथे कितपत तगतात याविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या विहिरी अद्याप बुजलेल्या नाहीत, त्यांची तरी नोंद आपल्या गावागावांतील संस्थांनी करून ठेवावी : विहीर कोणी खोदविली, उन्हाळ्यात पाणी किती हातांवर जाई, तिच्यावर कोण पाणी भरत असे आणि कोणाला भरू दिले जात नसे. हे सांगू शकणाऱ्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. कडीची बादली त्यांच्यापैकी एखादीच्या माळ्यावर अजून असेल, आणि दोराला झटका नेमका किती द्यावयाचा हे त्यांच्या हातांना अजून आठवत असेल.